उडी मारायला फिट

डॉक्टरच्या एका हातात समोसा होता आणि दुसऱ्या हातात शिक्का. मी समोर उभी. बस म्हणून कोणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी त्या स्टुलावर मी बसले नसते. वरचं रेक्झिन फाटलेलं, आतला फोम काळा पडलेला, त्यावर चहाचा की औषधाचा चिकट डाग आणि डागावर दोन माश्या. तपासायचा पलंग होता म्हणा भिंतीला लागून, पण त्यावर जुन्या पेपरांचा गठ्ठा आणि एक हेल्मेट. त्या पलंगावर माणूस शेवटचा कधी झोपवला असेल, देवच जाणे.

"उमर?"

"पैंसठ," माझ्या आधी माझ्या मुलानं सांगितलं.

"बीपी? शुगर?"

"कुछ नहीं, डॉक्टरसाब. एकदम फर्स्टक्लास." हेही त्यानंच.

"किसलिए चाहिए?"

"हवाई जहाज से कूदना है इनको."

तेव्हा कुठे डॉक्टरनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हसला. दातात बटाटा अडकलेला. "अरे वा दादी! कूदो, कूदो, ऐश करो!" आणि धप्पकन शिक्का. कागदाच्या कोपऱ्यावर त्याच्या अंगठ्याचं तेल उमटलं आणि आमच्या डोळ्यांदेखत पसरत गेलं. मी विमानातून उडी मारायला पूर्णपणे फिट आहे असं त्या कागदावर लिहिलं होतं. त्या माणसानं मला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

कॅम्प-एक या आमच्या कामगार वस्तीच्या बाजारातून आम्ही बाहेर आलो. मुलगा मात्र खूश. स्कूटरला किक मारत म्हणाला, "पाच मिनिटांत काम झालं. बस माय."

मी बसले. खोटं कशाला सांगू, तोवर मलाही ते काम व्हायलाच हवं होतं.

सुरुवात माझ्या नातीनं केली. ती हैदराबादला नोकरी करते. उन्हाळ्यात आठ दिवस आली, तर दिवसभर मोबाईल. एका दुपारी माझ्या बाजूला लोळत ती काहीबाही दाखवत होती. कुत्री, लग्नं, नाचणाऱ्या बाया. मला त्या सगळ्याचा वीट आला होता. तेवढ्यात एक माणूस दिसला. विमानाच्या दारातून पडला आणि पडतच राहिला. पडतो काय, हवेवर पालथा झोपलेला. पोटाखाली काही नाही, पाठीवर काही नाही.

"थांब, थांब," मी म्हटलं. "पुन्हा लाव बरं तो."

तिनं पुन्हा लावला. मी तिसऱ्यांदाही लावायला सांगितला.

आता माझ्या पाठीचं सांगते, म्हणजे तुम्हाला समजेल. मला तख्तावर दुखतं, गादीवर जास्त दुखतं. खुर्चीत पंधरा मिनिटं, त्यापुढे पाय बधिर. भाकरी करताना एक पाय उपड्या डब्यावर ठेवते तेव्हा दोन-चार भाकरी होतात. कमरेला पट्टा बांधते, तर मे महिन्यात त्याच्या आत घाम साचून जो वास येतो तो माझा मलाच सहन होत नाही. चामडी पांढरी पडते, खाजते, सोलते. झोपायची जागा नाही, बसायची जागा नाही, उभं राहायची जागा नाही, अशी कितीतरी वर्षं काढली. आणि हा बाबा, ज्याच्या अंगाला कुठूनच काही टेकत नव्हतं. मला वाटलं, अशी एक जागा आहे म्हणजे.

"आजी, तुले करायचंय का?" नातीनं चेष्टेत विचारलं.

"हाव."

"सीरियसली?"

"हाव म्हनलं ना एकदा."

पोट्टी टणकन उठून बसली. तिला फार आवडलं ते. आजी आकाशातून उडी मारणार, याचं तिला माझ्यापेक्षा जास्त कौतुक. परत गेल्यावर तिनं खरोखरच जागा धरली. मध्यप्रदेशात कुठल्याशा गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर, थंडीत. एकटीनं नाही मारायची उडी. एक शिकवलेला माणूस आपल्या पाठीला बांधतात, छत्री त्याच्याजवळ असते. फक्त साठीच्या वरच्यांना डॉक्टरचा कागद लागतो आणि एक फॉर्म भरावा लागतो.

फॉर्म नातीनं फोनवरून वाचून दाखवला. मुलगा जेवत होता, फोन स्पीकरवर, भिंतीला टेकवलेला. हृदयाचं दुखणं? नाही. फिट येते? नाही. मग ती थांबली.

"आजी, इथं विचारून राहिले, पाठीले कधी मार लागला का? मणक्याचं काही?"

"नो टाक," मुलगा घास चावत म्हणाला.

"पप्पा, पन आजीची कंबर तर..."

"अगं टाक ना नो. फॉर्मात सारे नोच टाकतात. बुड्ढ्या मानसाची कंबर दुखतेच, तेच्यात काय लिहाचं?"

ती गप्प झाली. माझ्या बोलण्याची वाट पाहत असावी. मी बोलले नाही. वरणात चमचा फिरवत बसले. कारण हो म्हटलं की ती जागा गेली, हे मला न सांगता कळलं होतं. तेच तर मला आजही आठवलं की तोंड कडू होतं. दुसऱ्यांना काय नावं ठेवायची, मीही त्या दिवशी वरणच ढवळलं, आणि नातीनं 'नो' टाकलं. त्यानंतरच्या इतवारी मुलगा मला समोसेवाल्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

तर तिथून परत येताना आम्ही त्याच्या नेहमीच्या टपरीवर थांबलो. त्याच्या कारखान्यातले चार-पाच जण तिथे बसतात. माझ्यासाठी एक प्लॅस्टिकची खुर्ची आली, कट चहा आला. मुलानं खिशातून कागद काढून सगळ्यांना दाखवला आणि मग पुड्यातला गुटखा तोंडात टाकून सांगायला लागला. तो हिंदीतच सांगत होता, पण मी आपल्या भाषेत सांगते.

"आमची माय म्हनजे काय समजता तुम्ही? मी नोकरीले कसा लागलो मालूम हाय ना? मेडिकल बोर्डासमोर अशी लंगडत गेली ना ही, अशी," आणि उठून त्यानं लंगडून दाखवलं, डावा पाय ओढत, कमरेवर हात ठेवून, 'आई गं, आई गं' करत. "तीन डॉक्टर बसले होते. तिन्ही चाट! अनफिट लिहून देल्लं. तवा अनफिट, अन् आता पाहा, विमानातून उडी मारून राहिली. आता फिट!"

सगळे हसले. एक जण तर चहा सांडेपर्यंत हसला. "काकू, तुम्ही तर पिच्चरमध्ये जायला पाहिजे होतं," असं काहीतरी म्हणाला. त्यांना ही गोष्ट नवी नव्हती. कोणत्या जागी हसायचं ते त्यांना पाठ होतं. म्हणजे हा किती वर्षांपासून सांगत होता?

माझ्या हातातल्या चहावर साय धरली होती. ती ओठाला लागली. मी कप खाली ठेवला.

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आत मी त्याला विचारलं, "तुले काय वाटते? माही कंबर कधी मोडलीच नव्हती?"

तो हसला. रागानं नाही हो, लाडानंच. "आता वयानं दुखत असन ना माय. पन तवा तर सेटिंग होती."

"सेटिंग?"

"मंग? मीच तर होतो ना आंगनात. युनियनचा नेता तुले शिकवून राहिला होता, कसं चालाचं, कुठी रडाचं. मी समदं पाहलं." मग माझं तोंड पाहून तो थोडा गोंधळला. "अगं, मी तुही तारीफच करून राहिलो. दुसऱ्याची माय करते का एवढं पोरासाठी?"

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. चाळिशी ओलांडलेला माणूस, पोटाचा नगारा झालेला, पोरगी नोकरीला लागलेली. आणि मला त्याच्या तोंडाच्या त्या गुटख्याच्या वासासकट त्या 'तारीफ'ची अशी किळस आली की मी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं.

पण गोष्ट अशी आहे की आंगणातलं त्यानं पाहिलं ते खोटं नव्हतं.

हे वारले, त्यांच्या मागे मी कारखान्यात लागले. मोठ्या स्टील प्लांटला माल देणारा ढलाईचा लहान कारखाना, जामुलच्या रस्त्यानं. आम्ही बाया कोरशॉपमध्ये. लोखंड ओततात त्या साच्याच्या आत रेतीचा गाभा बसवावा लागतो, त्याला कोर म्हणतात. तो आम्ही पेटीत ठोकून ठोकून बनवायचो. रेतीची भरलेली पेटी दोघींनी उचलायची, ट्रॉलीवर ठेवायची. एका दिवशी माझ्या जोडीची बाई आली नव्हती. मुकादम म्हणाला, चल चल, वेळ नाही. मी एकटीनं उचलली. पेटी ट्रॉलीवर अर्धी टेकली आणि ट्रॉली सरकली. सोडून द्यायला हवी होती. पण कोर फुटला तर दिवसाची मेहनत जाते, म्हणून मी धरून ठेवली. पेटीसकट ट्रॉलीच्या रुळावर पाठीवर पडले. कड्‌ असा आवाज झाला तो मला वाटलं पेटीचा.

दोन महिने मी आडवी होते. मुलगा तेव्हा भंडाऱ्याकडे माझ्या भावाजवळ बारावी करत होता. मी भावाला ताकीद दिली होती, पोराला सांगू नको, परीक्षा आहे. त्यामुळे त्यानं मला गुवामुतात पडलेली पाहिली नाही. शेजारीण अंगाखालची फडकी बदलायची, आणि बिचारी नाकाला पदर लावून बदलायची, ते त्यानं पाहिलं नाही. तो आला तेव्हा मी जपून जपून का होईना, चालत होते.

आमच्या कारखान्यात तेव्हा रीत होती. कामगार अनफिट झाला की त्याच्या जागी त्याचा पोरगा घेत. झालं काय, की त्या रीतीपायी धडधाकट माणसंही अनफिट व्हायला लागली. पन्नाशी आली आणि पोरगा रिकामा फिरत असला की बापाची कंबर गेलीच समजा. कोणाची कंबर, कोणाचे डोळे. युनियनचा नेता सगळं जमवून द्यायचा. कंबर हा तर तिथला चलनी आजार होता, कारण कंबर कोणाला दिसत नाही.

माझंही नाव त्यानं यादीत घातलं. आंगणात आला, बाजेवर बसला, मला म्हणाला, "चालून दाखव."

मी चालले. मला उजव्या पायात कळ उतरायची. अजून उतरते. मी उजवा पाय जपून टाकला.

"असं नाई जमनार बाई," तो म्हणाला. "कोन्ता पाय हाय तो? उजवा? उजवा नको. डॉक्टर लोकं दारातून शिरलं की डाव्या हाताले बसते. त्यायले तुहा डावाच पाय दिसनार. डावा ओढ."

"पन भाऊ, दुखते उजवा."

"दुखते थे दुखू दे ना. त्यायले काय दिसते थे महत्त्वाचं. असं हळूच चालनाऱ्यायले ते फिट लिहून देतात. रड थोडं. टेबलाजवळ जाऊन बसून जाय खाली."

मी म्हटलं, माझी कंबर खरंच मोडली आहे, फोटो काढून पाहा म्हणावं. तो कंटाळून म्हणाला, "खऱ्यायचंच नापास होते बाई. त्यायले नाटक येत नाई म्हनून."

मग आम्ही तालीम केली. चार दिवस. उजव्या पायात खरी कळ, आणि ओढायचा डावा. त्यानं कळ दुप्पट व्हायची. मी 'आई गं' म्हणायची ते खरंच तोंडून यायचं, पण चुकीच्या पायाला हात लावून. आणि माझा एकोणीस वर्षांचा पोरगा दारात उभा राहून सगळं पाहत होता. हसत होता. मीही हसले असेन त्याच्याकडे पाहून, एखाद वेळी. माझ्याच पोराला मी तेव्हा का सांगितलं नाही? वाटलं, कशाला. नोकरी मिळते आहे ना त्याला.

बोर्डापुढे माझ्यासोबत आणखी तिघे होते. एक जण बाहेर आल्याबरोबर सायकलवर टांग टाकून गेला. संध्याकाळी नेत्यानं पेढे वाटले. आमच्याकडे अनफिट झालं की पेढे वाटत, आणि लोकं घरी येऊन अभिनंदन करत. मी बाजेवर पालथी पडून ते पेढे खाल्ले. डालड्याचे होते. टाळूला चिकटले ते चिकटलेच.

म्हणून म्हणते, पोराचा दोष किती आणि माझा किती, याचा हिशेब मला लागत नव्हता. फक्त एवढं कळत होतं की मी आता 'पाठीला काही नाही' असं लिहून उडी मारली, तर त्या टपरीवरची गोष्ट खरी होते. माझ्याच सहीनं.

आणि उडी तर मारायची होती. तो पालथा झोपलेला माणूस डोळ्यांपुढून जात नव्हता. दोन्ही कसं जमेल ते मला सुचेना. म्हणून एका सकाळी मुलगा ड्युटीवर गेल्यावर मी ई-रिक्षा केली आणि प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरच्या बाजूला, एक हाडांची डॉक्टर बसते तिच्याकडे गेले. मनात काय होतं सांगू? ती म्हणेल, आजी, आता जुनं झालं, सगळं भरून आलं, मारा उडी. मग फॉर्मात खरं लिहूनही मला उडी मारता येईल.

पोरगीच होती ती डॉक्टर, नातीपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. तिनं मला पालथं झोपवलं. पट्टा सोडला. त्याचा वास खोलीभर झाला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं नाकही मुरडलं नाही. एकेक मणका दाबत खाली आली, आणि एका जागी अंगठा टेकवला मात्र, मी पलंगाची कड चावली.

"कळ कोणत्या पायात उतरते?" तिनं विचारलं.

"डाव्या," मी म्हटलं.

खरं सांगते, तोंडातून आपोआप आलं. डॉक्टर, पलंग, पांढरा कोट, आणि जीभ स्वतःच बोलून गेली. त्या नेत्यानं चार दिवसांत शिकवलेलं इतक्या वर्षांनी माझ्या तोंडात जसंच्या तसं बसलेलं होतं, त्या पेढ्यासारखं चिकटून. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

"नाही, नाही. उजव्या. बाई, उजव्या."

तिनं फोटो काढायला लावला. मग काळी फिल्म उजेडात धरून बराच वेळ पाहिली. "हा मणका जुना दबलेला आहे. फ्रॅक्चर होतं हे. पडला होता का तुम्ही?"

मी सांगितलं. रेतीची पेटी, ट्रॉली, रूळ, दोन महिने आडवी.

"तेव्हा डॉक्टर काय म्हणाले?"

"तपासलं नाही. अनफिट लिहून दिलं."

"बरोबरच लिहिलं होतं," ती म्हणाली आणि कागदावर लिहायला लागली.

ती अगदी सहज बोलली. आजवर हे मला कोणी म्हटलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला राग आला. एवढं सोपं होतं हे? पालथं झोपवायचं, अंगठा टेकवायचा, एक फोटो काढायचा? त्यासाठी मी आंगणात चार दिवस माकडासारखी नाचले?

उडीचं विचारलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, छत्री उघडते तेव्हा हिसका बसतो, आणि उतरताना दोन्ही पाय समोर उचलून धरावे लागतात. तिनं मला पाय उचलायला लावले. उजवा वीतभरही उचलला गेला नाही. "कदाचित काहीच होणार नाही आजी. पण झालं तर तुम्ही पुन्हा दोन महिने नाही, कायमच्या आडव्या व्हाल. मी लिहून देणार नाही. न सांगता गेलात तर तुम्हाला कोणी अडवायचं नाही, हेही खरं आहे."

घरी फिल्म कपाटात ठेवली. कोणाला बोलले नाही. पाच-सहा दिवस मी तशीच राहिले. समोसेवाल्याचा कागद होता, तारीख होती, मुलानं गाडीचं रिझर्व्हेशनही केलं होतं. कधी वाटायचं, जाते. पासष्ट वर्षं झाली, झालं तर झालं. मग आठवायचं की आडवी झाले तर फडकी कोण बदलेल. सून बदलेल, नाकाला पदर लावून. आणि टपरीवर हा सांगेल, माय शेवटपर्यंत एकदम फिट होती.

आणखी एक गोष्ट डोक्यात यायची. तो जो माझ्या पाठीला बांधला जाणार, कोणाचा तरी पोरगाच असणार तो. त्याला माझ्या कागदाचा भरवसा. त्याच्या छातीशी माझा मोडका मणका, आणि त्याला पत्ताच नाही. कोरशॉपमध्ये मुकादमानं 'चल चल' म्हटलं होतं, तसं मी त्याला म्हणणार.

मग त्या उडीवाल्यांचा फोन आला. रविवारची दुपार, मुलगा घरी, नातही दुसऱ्या बाजूनं फोनवर जोडलेली. एक बाई हिंदीतून फार गोड बोलत होती. आंटी, वजन किती, कपडे कसे घालायचे, बूट कसे. मग म्हणाली, "और आंटी, एक बार कन्फर्म करना है, कमर या पीठ में कभी कोई चोट?"

मुलगा समोर बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली. नाही म्हण. हातानंही खूण केली, पटकन, पटकन.

"हाँ," मी म्हटलं. "रीढ़ की हड्डी टूटी थी."

"माय!" मुलगा ओरडला.

"पुराना है, पर टूटी थी. दाहिना पैर नहीं उठता. और वो जो फिटनेस का कागज भेजा है ना बेटी, उसमें डॉक्टर ने मुझे हाथ भी नहीं लगाया."

 मग ती बाई सॉरी आंटी, सॉरी आंटी करायला लागली. असं असेल तर आम्ही नाही नेऊ शकत. नातीचं नाक ओढणं मला ऐकू आलं. मी तिला म्हटलं, तू जा, तू मार उडी. फक्त मला त्याचा व्हिडिओ पाठवू नको. मला ते सहन होणार नाही. आणि फोन ठेवला.

मुलगा तणतणत होता. "कावून सांगितलं तुनं? काय गरज होती? एवढं समदं केलं मी, सुट्टी घेतली... अन् कागद खोटा हाय म्हनून सांगतं काय कोनी?"

"तू घेतला तो कागद. मी नाई."

"तवाचा कागद तर तुनंच घेतला होता ना!"

झालं. तोच शब्द मी ऐकायची वाट पाहत होते वाटतं. मी उठले, कपाटातून फिल्म काढली आणि त्याच्या पुढ्यात टाकली. त्यानं ती उचलली. खिडकीकडे गेला, तिरपी करून उजेडात धरली. कारखान्यात आता त्याचं काम तेच आहे, ढलाईच्या मालात कुठे भेग गेली ते तपासायचं. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या लोखंडातली केसाएवढी चीर तो दहा हातांवरून सांगतो. मी काही सांगितलं नाही. त्याचं बोट वरून एकेक मणका मोजत खाली आलं आणि बरोबर त्याच जागी थांबलं.

"हे कधीचं?" त्यानं विचारलं. आवाज वेगळाच.

मग मी त्याला सांगितलं. पेटीपासून, फडक्यांपासून, नेत्यापासून. डाव्या-उजव्याचंही सांगितलं. तो खिडकीतच उभा होता, माझ्याकडे पाठ करून. मधेच एकदा बाहेर जाऊन गुटखा थुंकून आला आणि पुन्हा तिथेच उभा राहिला.

"म्हनजे मी जे त्यायले सांगत होतो..." एवढंच म्हणाला.

दुसरी एखादी वेळ असती तर मी म्हटलं असतं, जाऊ दे रे बाप्पा, तुला काय माहीत होतं. तोंडाशी आलंही. आमच्या बायांच्या तोंडाशी ते असतंच. मी ते गिळलं. माझं मन अजून विटलेलंच होतं, त्याच्यावरून, माझ्यावरून, त्या तेलकट कागदावरून, आणि मला त्याला बरं वाटू द्यायचं नव्हतं, निदान त्या दिवशी.

"त्या टपरीवर जाय," मी म्हटलं. "अन् त्यायले सांगून ये."

"आज?"

"हाव. आत्ता असतील बसले."

त्यानं फिल्म तख्तावर ठेवली. मग शर्ट चढवला. फिल्म पाकिटात घालायला लागला, तर ती कोपऱ्यात अडकत होती, आत जाईना. मी मदत केली नाही. शेवटी कशीतरी कोंबली, काखेत धरली आणि बाहेर पडला. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज मला आला नाही. तो चालतच गेला होता.